७७००एक्स, ९५ अंश आणि शिट्टी वाजवणारा यूपीएस: बूस्ट बंद करावे की वॉटवर मर्यादा घालावी?

नागपुरी ऊन

नमस्कार. माझ्या घरच्या संगणकात रायझन ७ ७७००एक्स हा आठ कोरचा प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) असून प्रोसेसरवर एका पंख्याचा साधा टॉवर कूलर बसवलेला आहे. लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करून देणे हे माझे काम. एक्सपोर्ट करताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही राबतात. नंतर संग्रहासाठी तोच व्हिडिओ एक्स२६५ हे सॉफ्टवेअर वापरून कॉम्प्रेस करतो, तेव्हा मात्र केवळ प्रोसेसरचे आठही कोर पूर्ण भाराने चालतात.

अडचण उन्हाळ्याची आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावूनही दुपारी माझ्या खोलीचे तापमान ३२ अंशांच्या खाली उतरत नाही. अशा वेळी कॉम्प्रेस करायला घेतले की अर्ध्या मिनिटात प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि काम संपेपर्यंत तिथेच चिकटून बसतो. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो. त्याहून मोठा त्रास असा, की एक्सपोर्ट चालू असताना ६०० व्हीए, म्हणजेच ३६० वॉटचा यूपीएस अधूनमधून जादा भाराची शिट्टी वाजवतो, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर बॅटरीवर येता येताच बंद पडतो. गेल्या आठवड्यात दीड तास चाललेला एक्सपोर्ट असाच वाया गेला.

ज्यांनी संगणक जोडून दिला, त्यांचे म्हणणे आहे की मोठा वॉटर कूलर घ्यावा. एका मित्राने विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० टक्क्यांऐवजी ९९ टक्के करायला सांगितले, म्हणजे बूस्टच, अर्थात गरजेनुसार वेग आपोआप वाढवण्याची सोयच, बंद होईल. ९५ अंश हे तापमान धोक्याचे आहे का, बूस्ट पूर्ण बंद करण्याने वेगाचे किती नुकसान होईल आणि विजेच्या बिलात खरोखर काही फरक पडेल का, हे जाणकारांनी सांगावे. वाय-फायवर चालणारा, वीज मोजणारा प्लग माझ्याकडे आहे, त्यामुळे सांगाल ते मोजून दाखवीन.

मोजपट्टी

आधी ९५ अंशांविषयी. या पिढीच्या रायझन प्रोसेसरसाठी ९५ अंश ही उत्पादकाने ठरवून दिलेली कमाल मर्यादा आहे आणि पूर्ण भाराखाली तिथपर्यंत जाणे त्याला मुभा म्हणून दिलेले आहे. बूस्टची पद्धत अशी आहे, की प्रोसेसर सेकंदाला कित्येक वेळा तीन-चार मर्यादा तपासतो: एकूण किती वॉट जात आहेत, विद्युतप्रवाह किती आहे, व्होल्टेज किती आहे आणि तापमान किती आहे. यांपैकी एकही मर्यादा गाठलेली नसेल तर तो क्लॉक (गिगाहर्ट्झमध्ये मोजला जाणारा कामाचा वेग) वाढवत राहतो, आणि जी मर्यादा आधी आडवी येईल तिथे थांबतो. तुमच्या प्रोसेसरच्या खोक्यावर १०५ वॉट लिहिलेले असले, तरी त्याची प्रत्यक्ष वॉटमर्यादा १४२ आहे (या मालिकेत खोक्यावरच्या आकड्याला साधारण १.३५ ने गुणले की खरी मर्यादा मिळते). तुमच्या खोलीत आणि तुमच्या कूलरवर १४२ वॉट गाठण्याआधीच ९५ अंश आडवे येत असणार. हार्डवेअर इन्फो या मोजणीच्या प्रोग्राममध्ये पॅकेज पॉवर (प्रोसेसर घेत असलेली एकूण वीज) पाहा, ती दुपारी १२५ ते १३० च्या आसपास दिसेल आणि हिवाळ्यातल्या रात्री त्याहून अधिक दिसेल, असा माझा अंदाज आहे.

म्हणजे मोठा कूलर घेतला तर काय होईल? प्रोसेसर आणखी बारा-पंधरा वॉट खाईल, किंचित अधिक वेगाने चालेल आणि तुमच्या यूपीएसवर आणखी भार टाकेल. तुमच्या दुखण्यावर हे औषध नव्हे. शिवाय तुमच्यासारख्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरवरचे धातूचे झाकण, आधीच्या एएम४ सॉकेटचे कूलर चालावेत म्हणून, जाड ठेवलेले आहे. त्यामुळे चिपमधली उष्णता कूलरपर्यंत पोहोचण्यातच काही अंश खर्ची पडतात आणि कूलर कितीही भारी घेतला तरी ते अंश परत मिळत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. चिपमध्ये चालू कामासाठी लागणारी वीज ही ढोबळमानाने क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि क्लॉक वर न्यायचा तर व्होल्टेजही वर न्यावे लागते. खालच्या पट्ट्यात थोडेसे व्होल्टेज वाढवून बरेच क्लॉक मिळते. माथ्याजवळ मात्र थोड्याशा क्लॉकसाठी बरेच व्होल्टेज मोजावे लागते. उदाहरणादाखल ४.८५ गिगाहर्ट्झला १.०५ व्होल्ट आणि ५.२ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट लागतात असे धरा. क्लॉक वाढले जेमतेम ७ टक्के, पण वीज वाढली सुमारे दीडपट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच हिशेब आहे.

याचा पुरावा बाजारातच आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेला साधा ७७०० हा तुमच्याच प्रोसेसरचा भाऊ आहे. कोर तेवढेच, एका कोरचे कमाल बूस्ट ५.४ ऐवजी ५.३ गिगाहर्ट्झ, पण वॉटमर्यादा १४२ ऐवजी ८८. तुमच्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एएमडी ओव्हरक्लॉकिंग या विभागात ईको मोड असतो. तिथे ६५ वॉट निवडा, म्हणजे तीच ८८ वॉटची मर्यादा लागू होईल. एखाद्या बायोसमध्ये तो पर्याय न सापडल्यास मर्यादा हाताने भरता येतात, मात्र काही बायोसमध्ये आकडा मिलिवॉटमध्ये मागतात. तिथे ८८ असा आकडा भरून चालत नाही, ८८००० भरावा लागतो.

घाईत आहे

मोजपट्टी यांचे विवेचन आवडले, तरी दोन हरकती नोंदवतो. पहिली अशी, की प्रोसेसर जितका जोरात धावेल तितके काम लवकर संपेल आणि उरलेला वेळ तो आरामात बसेल. मग एकूण युनिट वाचले कुठे? दुसरी अशी, की मी माझ्या कोअर आय५ १२४०० वर ९९ टक्क्यांचाच उपाय गेले वर्षभर वापरत आहे. पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि कचेरीचे काम व्यवस्थित चालते. बायोसमध्ये शिरण्याची गरज काय?

मोजपट्टी

तुमची पहिली हरकत रास्त आहे आणि तिचे उत्तर मोजूनच द्यावे लागेल, त्यामुळे धागाकर्त्यांचे आकडे येईपर्यंत थांबू. लवकर काम संपवून झोपी जाण्याचा फायदा मुख्यतः तेव्हा होतो, जेव्हा प्रोसेसर सोडून उरलेला संगणक मोठ्या प्रमाणावर वीज घेत असतो आणि काम संपताच तो खरोखर झोपी जातो. माथ्याजवळच्या पट्ट्यात मात्र वेळ ६ टक्के वाचतो आणि वॉट ४० टक्क्यांहून अधिक वाढतात.

दुसरी हरकत मला मान्य नाही. ९९ टक्के केल्यावर बूस्टवर मर्यादा येत नाही, ते समूळ जाते आणि प्रोसेसर मूळ क्लॉकवर येतो. २००८ साली इंटेलच्या नेहालेम पिढीबरोबर टर्बो बूस्ट आले, तेव्हा कोअर आय७ ९२० चे मूळ क्लॉक २.६६ आणि कमाल बूस्ट २.९३ गिगाहर्ट्झ होते. बंद केले तरी कोणाला कळले नसते. तुमच्या १२४०० चे मूळ क्लॉक २.५ आणि कमाल बूस्ट ४.४ आहे. तुम्ही बंद केलेल्या गोष्टीला नाव बूस्ट असले, तरी ती त्या प्रोसेसरची जवळजवळ अर्धी चाल आहे. (३८६ आणि ४८६ च्या काळात कॅबिनेटवर टर्बोचे बटण असे आणि ते प्रत्यक्षात जुन्या प्रोग्रामांसाठी संगणक मंद करण्याकरिता असे, याची या निमित्ताने आठवण झाली.)

आणि हे सगळे कशासाठी? एखादे वेबपान उघडताना किंवा मोठी एक्सेल फाइल उघडताना एखाददुसरा कोर काही क्षण माथ्यावर जातो. त्या क्षणी त्या कोरला वीस वॉटच्या आसपास वीज लागते, तीही सेकंदाच्या अंशासाठी. त्यावर बंदी घालून बिलात काही वाचत नाही, पण प्रत्येक क्लिकला संगणक रेंगाळतो. याउलट वॉटची मर्यादा घातली तर एका कोरची धाव ८८ वॉटच्या जवळपासही पोहोचत नसल्यामुळे तिला धक्का लागत नाही. मर्यादा आडवी येते ती आठही कोर एकदम जुंपले गेल्यावरच. तुमच्या इंटेल प्रोसेसरलाही बायोसमध्ये अशीच सोय आहे: दीर्घ मुदतीची मर्यादा ६५ वॉट आणि अल्प मुदतीची ११७ वॉट, अशी त्याची अधिकृत जोडी आहे. पुष्कळ मदरबोर्ड या दोन्ही मर्यादा परस्पर काढून टाकतात आणि तिथे चार हजारांहून अधिक वॉट असा हास्यास्पद आकडा दिसतो. अल्प मुदतीचा आकडाही ६५ करा, ९९ पुन्हा १०० करा आणि फरक पाहा.

सोल्डरगन

वरील चर्चेत यूपीएस मागे पडला, म्हणून लिहितो. वाईटात वाईट स्थितीचा हिशेब मांडू. प्रोसेसर १४२, आरटीएक्स ३०६० चे १७०, आणि मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे मिळून ४० असे ३५२ वॉट झाले. एसएमपीएसची कार्यक्षमता ८६ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ४१० वॉट ओढले जातात, आणि मॉनिटरचे २५ धरून ४३५. तुमच्या यूपीएसची क्षमता ३६० आहे. तो शिट्टी वाजवतो ते योग्यच करतो. अशा साध्या यूपीएसमध्ये वीज चालू असताना भार जवळजवळ थेट पुढे जातो, त्यामुळे शिट्टीवर भागते. वीज गेल्यावर तोच भार यूपीएसच्या आतल्या इन्व्हर्टरवर येतो आणि तो हात वर करतो.

केवळ ईको मोड लावून हे सुटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. प्रोसेसर ८८ वर आणला तरी एकूण आकडा ३७० च्या आसपास येतो, म्हणजे अजूनही मर्यादेच्या वरच. त्यासोबत ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. १७० चे १३६ होतील आणि भिंतीवर सुमारे ३३० दिसतील. ग्राफिक्स कार्डालाही माथ्यावरच्या क्लॉकचे तेच गणित लागू असल्यामुळे वेग वीस टक्क्यांनी घटत नाही, त्याहून बराच कमी घटतो.

तरीही फार आशा बाळगू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एकच बॅटरी असते. कागदावर ते ८४ वॉट-तास होतात, पण ३३० वॉटच्या भाराखाली शिशाची बॅटरी त्यातले निम्मे दिले तरी पुष्कळ. एक्सपोर्ट थांबवून, फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळतील. एक्सपोर्ट पूर्ण होणार नाही. आणि नवा यूपीएस घेण्याची वेळ आलीच, तर बॅटरीवर शुद्ध साइन लहर देणारा घ्या, कारण पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या यूपीएसवर आजकालचे काही एसएमपीएस वीज जाताच अडखळतात, मग भार कमी असला तरीही.

नागपुरी ऊन

आपल्या सर्वांचे आभार. दोन दिवस एकच व्हिडिओ, त्याच खोलीत, दुपारी त्याच वेळी कॉम्प्रेस करून मोजणी केली. ती जशीच्या तशी देत आहे.

मूळ स्थितीत पॅकेज पॉवर १२८ वॉट, तापमान ९५ अंश, आठही कोर ५.१ गिगाहर्ट्झच्या आसपास, भिंतीतून (मॉनिटर सोडून) २०१ वॉट आणि वेळ ४७ मिनिटे. मोजपट्टी यांचा १२५ ते १३० चा अंदाज खरा ठरला. ईको मोडमध्ये पॅकेज पॉवर ८८ वॉट, तापमान ७५ अंश, क्लॉक ४.८, भिंतीतून १५५ वॉट आणि वेळ ५० मिनिटे. म्हणजे तीन मिनिटे अधिक लागली आणि २० अंश उतरले. पंख्याचा आवाज आता खोलीतल्या वाळ्याच्या कूलरच्या आवाजात बुडून जातो. हार्डवेअर इन्फोमध्ये एका कोरचे कमाल क्लॉक अजूनही ५.४ च्या आसपास दिसते.

एक्सपोर्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड ८० टक्क्यांवर ठेवले असता मॉनिटरसह सर्वाधिक आकडा ३१८ वॉट दिसला. शिट्टी बंद झाली. मुद्दाम भिंतीवरचे बटण बंद करून पाहिले, तर यूपीएस सुमारे चार मिनिटे टिकला.

एक चूकही कबूल करतो. हुरूप येऊन मी बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या सेटिंगमध्ये सर्व कोरना एकदम उणे ३० दिले. कॉम्प्रेसचे काम दोनदा निर्विघ्न पार पडले, तापमानही आणखी उतरले, म्हणून निश्चिंत झालो. रात्री मात्र काहीच काम चालू नसताना, फक्त एक वेबपान उघडे असताना, संगणक आपोआप रीस्टार्ट झाला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रोसेसरच्या हार्डवेअर त्रुटीची नोंद आहे. पूर्ण भार सहन करणारा संगणक रिकामा असताना का पडावा, हे कळले नाही. सध्या ते शून्यावर आणले आहे.

मोजपट्टी

तुम्ही मोजून पाहिलेत, त्यामुळे ‘घाईत आहे’ यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. २०१ वॉट आणि ४७ मिनिटे म्हणजे सुमारे १५७ वॉट-तास. १५५ वॉट आणि ५० मिनिटे म्हणजे सुमारे १२९. एका व्हिडिओमागे २८ वॉट-तास वाचले. घाईने काम संपवण्यात वीज वाचत नाही, हे सिद्ध झाले. पण तेवढ्यावर बिलाची स्वप्ने पाहू नयेत. वीज १० रुपये युनिट धरली तर ही बचत २८ पैशांची आहे. रोज दोन व्हिडिओ केले तरी महिन्याला १७ रुपये. ईको मोडने उष्णता आणि आवाज हे दोन प्रश्न सोडवले, आणि ग्राफिक्स कार्डवरच्या मर्यादेच्या जोडीने यूपीएसचाही. बिलाचा प्रश्न त्याने सुटण्यासारखा नव्हताच. बिलासाठी आणखी एक मोजणी करा: काहीही न करता बसलेला संगणक भिंतीतून किती घेतो?

कर्व्ह ऑप्टिमायझरबद्दल. त्यात उणे आकडा दिला की त्या त्या क्लॉकला ठरलेल्या व्होल्टेजमधून काही मिलिव्होल्ट कापले जातात. आठही कोर जुंपलेले असताना, विशेषतः तुम्ही ८८ वॉटची मर्यादा घातलेली असताना, क्लॉक ४.८ वरच असते आणि तिथे व्होल्टेजला कात्री लावायला जागा असते. कठीण परीक्षा असते ती एकच कोर ५.४ वर उडी मारतो तेव्हा, आणि ती उडी नेमकी हलक्या कामात, वेबपान उघडताना मारली जाते. म्हणून पूर्ण भाराची चाचणी इथे फसवी ठरते. एकेका कोरवर आळीपाळीने भार टाकणारे कोअरसायक्लरसारखे साधन रात्रभर चालवा आणि प्रत्येक कोरला वेगळा आकडा द्या. बहुधा ज्या कोरना प्रोसेसर स्वतः सर्वोत्तम मानतो, त्यांनाच सर्वांत कमी कपात सोसते, कारण त्यांच्याकडून आधीच सर्वाधिक क्लॉक घेतले जात असते. हा सारा प्रकार ओव्हरक्लॉकिंगच्या सदरात मोडतो, ईको मोड तसा मोडत नाही. ज्यांच्या कामाचे पैसे लोकांनी आगाऊ दिलेले आहेत, त्यांनी दहा-बारा वॉटसाठी इतका खटाटोप करावा का, याचे उत्तर मी स्वतःपुरते ‘नाही’ असे दिलेले आहे.

माथ्यावरच्या व्होल्टेजचा विषय निघालाच आहे तर, इंटेलची १३ वी किंवा १४ वी पिढी वापरणाऱ्यांनी बायोस ऑगस्ट २०२४ नंतरचे आहे ना, हे पाहावे. त्या प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जाऊन चिप कालांतराने अस्थिर होण्याचा दोष इंटेलने मान्य केला आणि त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, जी बायोसबरोबर येते) दिला. हा मायक्रोकोड असा दोष पुढे होऊ नये यासाठी आहे. झालेली हानी त्याने भरून निघत नाही. त्यासाठी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली आहे.

नागपुरी ऊन

रिकाम्या संगणकाचा आकडा ६२ वॉट आला. मी तो रात्रभर चालूच ठेवत असे, कारण सकाळी सगळ्या खिडक्या उघड्या सापडतात.

सोल्डरगन

मग बिल तिथे आहे. दहा तासांची रात्र म्हणजे ०.६२ युनिट, म्हणजे सहा रुपये वीस पैसे, म्हणजे महिन्याला १८६ रुपये. तुमच्या ईको मोडच्या बचतीच्या जवळजवळ अकरा पट. या रायझनमध्ये कोरची चिप वेगळी आणि मेमरी वगैरे सांभाळणारी चिप वेगळी असल्यामुळे प्रोसेसर रिकामा बसूनही वीस-तीस वॉट घेतो, आणि मेमरीची एक्स्पो प्रोफाइल (मेमरी अधिक वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू असेल तर त्यात आणखी काही वॉटची भर पडते. इतक्या कमी भारावर ६५० वॉटचा एसएमपीएसही आपल्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बराच खाली असतो. यातले काही तुमच्या हाती नाही. स्लीप मात्र तुमच्या हाती आहे. त्यात खिडक्या जशाच्या तशा राहतात आणि भिंतीवर दोन ते पाच वॉट दिसतात. फक्त वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी संपली तर स्लीपमधले सारे जाते, म्हणून झोपण्यापूर्वी फाइल जतन करा, किंवा सरळ हायबरनेट निवडा.

नागपुरी ऊन

काल रात्री हायबरनेट केले. भिंतीवर १ वॉट दिसला. सकाळी खिडक्या जागेवर होत्या, फक्त बाहेरची हार्ड डिस्क केबल काढून लावल्याशिवाय दिसेना. त्यासाठी वेगळा धागा काढतो.